शेवंताच्या घरी ठेवलेला पस्ताना

मंगळवारी सकाळी आमचं स्वयंपाकघर बंदरातून सुटलं. कुकरची तिसरी शिट्टी सुरू झाली ती थांबेचना, लांबत गेली. संपली तेव्हा पातेल्यातलं दूध एकदा डाव्या काठाला लागलं, एकदा उजव्या. मी गॅस बंद केला. उंबऱ्याशी जाऊन बघितलं तर स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामध्ये वीतभर फट पडली होती आणि फटीत पाणी होतं. बोट बुडवून चाखलं. खारट.

मधल्या खोलीत हे खाटेवर पडलेले होते. आमचे हे म्हणजे आमचे मालक. त्यांचं नाव मी घेत नाही, लग्नात घेतलं तेवढं पुरे.

"अहो, पाणी आलंय," मी म्हटलं.

"नळाला?"

"समुद्राचं."

"मग भरून ठेव," हे म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

बार्शीला समुद्र नाही हे मला शिकवायला कोणी येऊ नये. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, तीही धाकट्या बहिणीला सोबत म्हणून, पण समुद्र कुठं आहे आणि कुठं नाही एवढं मला कळतं. पाणी होतं म्हणून पाणी म्हणते. मी चहा गाळला, पदर खोचला, फट ओलांडली आणि कप यांच्या हातात दिला. परत आले तेव्हा फट हातभर झाली होती.

आता हे कशामुळं झालं ते सांगते.

बार्शीत आमचं वेळापुऱ्यांचं भांड्यांचं दुकान कोणामुळं चाललं हे कोणालाही विचारा, द्वारकाबाईंमुळं म्हणतील, म्हणजे माझ्यामुळं. हे वर माळ्यावर असायचे, मी खाली गिऱ्हाइकापाशी. गिऱ्हाइकानं तांब्या मागितला की हे वरून टाकायचे आणि मी झेलायची. यांचा नेम असा, की तांब्या माझ्याकडे म्हणून टाकायचे आणि तो गिऱ्हाइकाच्या टाळक्याकडे निघायचा. टाकायला काय, कोणीही टाकतं. खरं काम झेलणाऱ्याचं. समोरच्या दुकानातली शेवंता पाटसकर पदर पसरून झेलायची, आणि पदर पसरूनही निम्म्या वाट्या रस्त्यात. मी हातानं झेलायची. ताट असो, कळशी असो, पदराला हात लावला नाही. वर हे म्हणायचे, "झेल गं," पण भांडं सुटल्यावर म्हणायचे. शब्द नेहमी भांड्याच्या मागून.

दुकान आता भाड्यानं दिलंय. मुलगा श्रीधर नाशिकला असतो. यांना जन्मभर समुद्र बघायचा होता आणि दुकानापायी तो कधी घडला नाही, म्हणून त्यानं आमची बोटीची तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, बेटं बघायची, परत यायचं. तो तिला क्रूझ म्हणतो. मला समुद्राचं काही अप्रूप नव्हतं. पण हे एकटे गेले तर चष्मा डोक्यावर आहे हे यांना कोण सांगणार? म्हणून मी हो म्हटलं.

तिकिटाबरोबर त्यानं विमा पण काढला. आजारपण आलं, हातपाय मोडला, तर जाणं रद्द आणि पैसे परत. मी म्हटलं, "अजून निघालो नाही तोवर पाय मोडायची तयारी कशाला करतोस?" तो म्हणाला, "आई, असतं तसं."

बोट सुटणार होती नेमकी अमावास्येला. मी म्हटलं, त्या बोटवाल्यांना दिवस बदलायला सांग. तो फोनवर इतका हसला की सूनबाईनं विचारलं काय झालं. मग मी कोणाला विचारलं नाही. पस्ताना ठेवला.

हल्ली कोणी ठेवत नाही, म्हणून सांगते. निघायचा दिवस वाईट असला तर त्याच्या आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक नाणं कापडात बांधायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी ते गाठोडं ठेवून यायचं. गाठोडं गेलं की माणूस निघालं. मग अंगानं अमावास्येला निघा नाहीतर ग्रहणात निघा, ते निघणं धरत नाहीत. निघणं आधीच झालेलं असतं.

मुंबई आमच्या घरापासून मावळतीला. मावळतीला घर एकच, शेवंताचं. मी नवा खण काढला, गाठोडं बांधलं आणि शुद्ध दशमीला तिच्या हातात दिलं.

"देवाजवळ ठेव," मी म्हटलं. "आणि उंदीर लागू देऊ नकोस. तुझ्याकडे आहेत."

"तुमच्याकडूनच येतात," शेवंता म्हणाली. पण गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

यांचाही ठेवणार होते. यांनी नाही म्हटलं. "माझं मी निघेन तेव्हा निघेन," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे माळ्यावरून प्रवासाची बॅग काढायला स्टुलावर चढले. मी खाली उभी होते. यांनी बॅग टाकली, ती मी झेलली. मागोमाग हे आले, ते झेलता आले नाहीत.

खुबा मोडला. सोलापूरला ऑपरेशन झालं, आत पट्टी घातली, घरी आणलं, खाटेवर निजवलं. डॉक्टर म्हणाले, पाऊल टेकायचं नाही. श्रीधरनं विम्याच्या कंपनीला कळवलं की दोघांचंही जाणं रद्द. सगळं रीतसर झालं. मग अमावास्या आली, मंगळवार होता, आणि कुकरची तिसरी शिट्टी थांबेना.

बुधवारी विम्याचा तपासनीस आला. घोडके नाव. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टक्कल, आणि हातात स्वतःचा काचेचा पेला. पुढच्या दारानं मधल्या खोलीत आला, आल्या आल्या यांना नमस्कार केला, पेल्यात पाणी मागितलं आणि ते न पिता यांच्या खाटेखाली फरशीवर ठेवलं. वाकून बघत राहिला. पाणी जागचं हललं नाही.

"काकांचं ठीक आहे," तो म्हणाला. "काका निघालेले नाहीत."

मग बूट काढले, फट ओलांडून स्वयंपाकघरात आला आणि पेला माझ्या ओट्यावर ठेवला. पाणी एका काठाला चढलं, उतरलं, दुसऱ्या काठाला चढलं.

"मावशी, तुम्ही निघालेल्या आहात," घोडके म्हणाला.

"मी इथं तुझ्यासमोर उभी आहे."

"प्रवासात माणूस कुठंतरी उभं असतंच."

"मावशी म्हणालास ना? मग मावशीच्या ओट्याला टेकू नकोस. ओला आहे."

तो सरळ उभा राहिला. पँटला मागं पाण्याचा पट्टा उमटला होता. तो म्हणाला, जाणं रद्द करता येतं ते निघायच्या आधी. निघालेल्या माणसाचं जाणं रद्द होत नाही. ते पुरं होतं.

"आणि पुरं झालं नाही तर?"

"तर चालू राहतं."

"मी निघाले हे तुला कोणी सांगितलं?"

तो थेट शेवंताकडे गेला. भिंतीपलीकडे तिचं अंगण, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. त्यानं विचारलं, "मावशींनी तुमच्याकडे काही ठेवलंय का?" कोणीही शहाणी बाई म्हणाली असती, आठवत नाही. शेवंता म्हणाली, "ठेवलंय की. दशमीला. स्वतःच्या हातानं दिलं, वर माझ्या घरातले उंदीर काढले." खरं बोलायला तिला नेमका हाच मुहूर्त सापडला.

घोडके परत आला. यांचं जाणं रद्द झालं, तिकिटाचे पैसे श्रीधरच्या खात्यात जमा होतील, म्हणाला. यांनी सही केली.

"एक लक्षात ठेवा काका," तो म्हणाला. "परतावा घेतला की जमीन तुमची. मग पाण्यावर पाऊल टाकायचं नाही."

"मी जमिनीवरसुद्धा टाकू शकत नाही," हे म्हणाले.

"मग काही अडचण नाही," घोडके म्हणाला. पेल्यातलं पाणी त्यानं खिडकीतून बाहेर ओतलं. खिडकीबाहेर माझी कढीपत्त्याची कुंडी असते. तिथं पाणी पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

तेव्हापासून मला एकच काम उरलं. यांच्या खाटेपाशी परत पोचायचं. पन्नास वर्षं या माणसाला मी वेळेवर चहा दिला, दुकानात पाठवला, डाव्या पायातली चप्पल उजव्या पायातून काढायला लावली. आता औषधं सकाळची संध्याकाळी आणि संध्याकाळची सकाळी खाल्ली तर? आणि पाऊल टेकलं तर आतली पट्टी सरकेल, डॉक्टरांनी बजावलं होतं.

गुरुवारी मी इस्त्रीचं टेबल फटीवर आडवं टाकून गेले आणि कुकर बघायला परत आले. शुक्रवारी टेबल पुरलं नाही. लुगडं बांधून त्यावरून डबा सरकवला, तो मध्यावर लोंबकळत राहिला. शनिवारी मधली खोली एवढी लांब गेली की यांचा चेहरा दिसायचा पण दाढी केलीय की नाही ते दिसायचं नाही.

स्वयंपाकघरात म्हणाल तर सगळं जागच्या जागी होतं. फक्त भांडी रोज थोडी मावळतीच्या भिंतीकडे सरकायची आणि मी ती परत उगवतीला लावायची. मागचं दार उघडलं की परसाऐवजी पाणी. खिडकी पूर्वी चौकोनी होती, ती कोपऱ्यांनी झिजत झिजत गोल झाली. पाण्यात मासे दिसायचे. आमच्या घरात मासे चालत नाहीत, म्हणून मी तिकडं बघत नव्हते. रोज सकाळी ओट्यावर पंच्याचं घडी घालून केलेलं बदक ठेवलेलं असायचं. कोण ठेवतं ते दिसलं नाही. मी बदक मोडायची आणि त्याच पंच्यानं ओटा पुसायची. एक दिवस बदकाच्या चोचीत चिठ्ठी होती. मी अक्षर लावून वाचलं. आज दुपारी वरच्या मजल्यावर नाच आहे, सर्वांनी यावं. आमच्या घराला वरचा मजला नाही. दुपारी छतावर पावलं वाजली, तशी मी झाडूच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकलं. वाजायची थांबली.

फोन लागत होता, पण बाहेरगावचाच; यांना किंवा शेवंताला लावला की नुसतं पाणी ऐकू यायचं. मी श्रीधरला सांगितलं. तो म्हणाला, "आई, कंपनीचं म्हणणं आहे की तू बोटीवर आहेस. मग मजा कर ना थोडी. सूप आवडतं का तिथलं?"

"तुझे बाबा खाटेवर आहेत."

"हो, त्यांचं रद्द झालंय. तुझं नाही झालं," तो म्हणाला, जसं काही मलाच ठाऊक नव्हतं. त्याला आपल्या बापाचं दुखणं कळतं, पण आईचं काही बिघडू शकतं हे त्याच्या डोक्यात कधी शिरलेलं नाही. त्यात माझाच हात आहे, असं सूनबाई म्हणेल. म्हणू दे.

घोडकेला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं. विनंती केलीत तर वरचे साहेब कधी कधी विचार करतात, म्हणाला. जरा नमतं घेऊन, हात जोडून.

"मी आजवर देवाला सोडून कोणाला हात जोडले नाहीत," मी म्हटलं.

"मग अवघड आहे, मावशी."

"अवघड तुला. मला सवय आहे."

फोन ठेवला. तेवढ्यात मधल्या खोलीतून चहाचा वास आला. माझ्या हातात काही नव्हतं. उंबऱ्याशी जाऊन डोळ्यांवर हात धरून बघितलं. शेवंता यांच्या खाटेशी उभी होती आणि यांना चहा देत होती. तिचा चहा. तो चहा नव्हे, साखरेचा पाक. हळदीकुंकवाला मी तो चार बायकांत न पिता ठेवला होता, ते तिच्या अजून लक्षात आहे. यांनी कप घेतला. प्यायले. बशीतलाही प्यायले.

"शेवंता," मी हाक मारली. "यांना साखर कमी सांगितलीय."

ती काही बोलली नाही. काम आटोपून निघूनही गेली. मी दुपारची भाकरी भाजत होते, तव्यावरची उलटली, आणि तेव्हा तिचं उत्तर आलं, पाण्यावरून सरकत, जरा ओलं झालेलं. "डॉक्टरांनी सांगितली की तुम्ही?"

तेव्हा मला कळलं, की आता शब्दांनाही वेळ लागतो.

त्यानंतर सकाळी मी विचारायची, "गोळी घेतलीत का?" आणि यांचं "घेतली" जेवणाच्या वेळी पोचायचं. पन्नास वर्षांत यांनी माझ्या एकाही प्रश्नाला इतका विचार करून उत्तर दिलं नव्हतं. पुढं पुढं उत्तरं दुसऱ्या दिवशी यायला लागली. कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं ते मी भांडी घासता घासता जुळवायची.

हे मात्र एकच विचारायचे. "पाणी कसं दिसतं?"

"पाण्यासारखं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आलं, "नीट सांग."

खाटेवर पडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? जन्मभर यांनी समुद्रासाठी जीव टाकला आणि तो आला तो माझ्या वाट्याला. मी खिडकीशी उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. मग उंबऱ्यातून ओरडून सांगितलं, "सकाळी नुसतं जर्मनच्या पातेल्यासारखं. नवं, पण हलकं. दुपारी कल्हई केल्यासारखं, बघवत नाही. संध्याकाळी चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखं होतं, पण घासणाऱ्यानं काम अर्धं टाकलंय, एक कड काळी राहते."

यांचं उत्तर यायला दीड दिवस लागला. "कोणती कड?"

"मावळतीची," मी सांगितलं. "आपण तिकडंच चाललोय." मग मला सुचलं की आपण म्हणायला नको होतं. पण शब्द निघून गेला होता.

मी गाठोड्याचा विचार करत होते. सगळं अडलं होतं ते त्याच्यापाशी. गाठोडं शेवंताच्या देव्हाऱ्यात होतं तोवर मी निघालेली होते. ते परत आलं तर मी न निघालेली होईन, असं मला वाटलं. आणि शेवंता जमिनीवर होती, तिला फक्त अंगण ओलांडायचं होतं. मी सगळा अभिमान ओट्याखालच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि उंबऱ्याशी जाऊन म्हटलं, "शेवंता, माझा पस्ताना परत आण. यांच्या उशाशी ठेव."

ते तिला पोचायला एक दिवस, तिचं यायला एक. तेवढ्यात मी लोणचं मुरवायला घातलं, ते खारटच झालं.

शेवंताचं आलं ते असं. "द्वारकाबाई, मी आणला असता. आत्ता हातात घेतला पण. जड लागला म्हणून गाठ जरा सैल करून बघितली. तांदळाला मोड आलेत आणि मुळं देव्हाऱ्याच्या लाकडात गेलीत. ओढलं तर तुटेल. आणि निघालेल्या माणसाचा पस्ताना परत आणला, तर त्याला पुढची वाट राहत नाही आणि मागचीही नाही, असं आमची सासू म्हणायची. तुम्हाला मी कितीही बोलत असले तरी हे माझ्या हातून व्हायचं नाही. तुमच्या यांच्याकडे मी बघते. साखर कमी घालते."

साखर कमी घालते म्हणाली, तेव्हा मी पुसलेला ओटा परत पुसला. तिनं भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझी वाट आता मला दिसत होती. गोल खिडकीत मावळतीची काळी कड रोज जाड होत होती. मधली खोली काडेपेटीएवढी झाली होती. तिच्यात खाट, खाटेवर हे, खाटेशी शेवंता, तिच्या हातात कप. कपातून वाफ यायची तीही दिसायची. मला यांच्याकडे जायला वाट नव्हती. घोडके त्याला पुरा होणारा प्रवास म्हणाला होता, पण परतीचं तिकीट माझं आणि यांचं एकाच कागदावर होतं, आणि तो कागद रद्द झाला होता. हे मला आदल्या दिवशी श्रीधरनं फोनवर सांगितलं, फार काही बोलतोय असं त्याला न वाटता.

आज सकाळी बदक मोडत होते, तेव्हा काडेपेटीत काहीतरी हललं. मी बघितलं. हे उठून बसले होते. टेकू न घेता. शेवंता हात करून थांबवत होती असं वाटलं, पण मग तिनं थांबवणं सोडलं आणि निघून गेली. तिच्या घरातून परत आली ती मूठ मिटून. मूठ तिनं यांच्या पुढ्यात उघडली. काहीतरी पांढरं सांडलं.

यांनी उशाखालून रुमाल काढला. पसरला. तो मी घडी घालून ठेवलेला रुमाल, निळ्या काठाचा. त्यावर पांढरं गोळा केलं. मग माझा पानाचा डबा जवळ ओढला, आणि मला इतक्या लांबून सुपारी दिसायचं कारण नाही, पण त्या डब्याचं झाकण हे कसं उघडतात ते मी पन्नास वर्षं बघितलंय. मग खिशात हात घातला. हळकुंड यांना सापडलं नाही. ते कुठं असतं हे यांना कधी ठाऊकच नव्हतं. त्याच्याशिवायच यांनी गाठ मारली. गाठ मारतानासुद्धा दोनदा सुटली.

मला कळलं. पस्ताना ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी ठेवतात. यांच्या मावळतीला आता शेवंताचं घर नव्हतं, माझं स्वयंपाकघर होतं.

"टाकू नका," मी ओरडले.

यांचा खुबा जुळत आला होता. जमीन यांची होती, सही करून घेतलेली. गोळ्या वेळेवर मिळत होत्या, चहा मिळत होता, तो कमी साखरेचा होता. पाण्यात पडलं तर ते गाठोडं कुठंच ठेवलेलं नसणार, आणि मी झेललं तर हे निघालेले असणार, मोडक्या पायानं, परतीच्या कागदाशिवाय. माझं "टाकू नका" खाली पाण्यावरून चालत जाताना मला ऐकू येत होतं. ते उद्या दुपारी पोचणार होतं.

यांनी उजवा हात खांद्यामागं नेला. माळ्यावरून तांब्या टाकताना न्यायचे तसा. शेवंता खाटेपासून बाजूला झाली. तिला यांचा नेम माहीत आहे.

गाठोडं सुटलं.

आधी ते सुपारीएवढं होतं. मग लिंबाएवढं. पाण्यावरून ते सावकाश येत होतं, आणि नेहमीसारखं माझ्याकडे येत नव्हतं, डावीकडे चाललं होतं, मागच्या दाराकडे, जिथं पूर्वी परस होतं. मी हातातलं पंच्याचं बदक खाली ठेवलं. हात पुढं करून बघितले. हातांच्या आवाक्यातलं ते नव्हतं. रुमालाचा निळा काठ दिसायला लागला. गाठ सैल होती, एका बाजूनं तांदूळ गळत होते आणि पाण्यावर त्यांची रेघ उमटत होती, काडेपेटीपासून माझ्यापर्यंत.

मी मागचं दार सताड उघडलं, एक पाय चौकटीला लावला, खांद्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी पाण्यावर पसरून धरला. यांचं "झेल गं" अजून वाटेत होतं.